मनापासून

त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर छापून येतं. बाकी सगळीकडे तो 'मनापासून'. "मनापासून आला का?", "मनापासूनचा डबा कुणी उघडला?", "मनापासून रजेवर आहे, आज रेकॉर्डेड चालवा," ही वाक्यं आमच्या ऑफिसात कुणालाही विचित्र वाटत नाहीत. हे बारसं साउंड इंजिनिअरने केलं. त्याने एकदा या गृहस्थाचा सकाळचा सबंध शो घेतला, त्यातले 'मनापासून सांगतो', 'अगदी मनापासून', 'मनापासून सांगू का?' एवढेच तुकडे कापून एकापुढे एक जोडले आणि चारच्या चहाला स्पीकरवर सोडले. चहा संपला, बिस्किटं संपली, तरी त्याचं मन काही तळ दाखवेना.

सकाळी सात ते अकरा, पुण्यातलं एक खाजगी एफएम स्टेशन. तो आरजे, मी प्रोड्युसर. प्रोड्युसर म्हटल्यावर कुणी सिगार वगैरे डोळ्यांसमोर आणू नये. उद्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याला उत्स्फूर्तपणे काय सुचणार आहे, ते आज संध्याकाळी टाइप करून ठेवणं हे माझं काम.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. रिक्षात, सलूनमध्ये, भाऊबंदासारखा रोज कानावर येणारा. तो 'श्रोतेहो' म्हणत नाही, 'यार' म्हणतो. तो कायम आत्ताच झोपेतून उठून थेट तुमच्याकडे आलेला असतो. सिग्नलला त्याला एक आजोबा भेटलेले असतात आणि ते आयुष्याबद्दल एक वाक्य बोलून गेलेले असतात. वास्तविक तो पहाटे साडेपाचला स्टेशनवर येतो. त्या वेळी सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात, आणि बोलण्यासारखे आजोबा पुण्यात त्या सुमाराला पर्वती चढत असतात, सिग्नलला नसतात. मग तो म्हणतो, "थांबा हं, एक घोट चहा घेतो," आणि तुम्हाला 'सुर्रर' ऐकू येतं. स्टुडिओत चहा न्यायला सक्त मनाई आहे. पूर्वी एकाने कन्सोलवर कटिंग सांडली होती. तो सुर्रर रेकॉर्ड केलेला असून जिंगलच्या शेजारच्या बटणावर आहे. बटणाला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर इंजिनिअरने 'घोट' असं लिहिलं आहे.

तरी सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरं नव्हे. 2001 साली आपल्याकडे खाजगी एफएम सुरू झालं ते एका अटीवर: स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. पुढे सरकारने थोडी ढील दिली. वाहतूक कुठे तुंबली, पाऊस कधी पडणार, पाणी कधी येणार नाही, परीक्षांचे निकाल, खेळ, उत्सव, हे बातम्यांत धरायचं नाही असं ठरलं, आणि ऐकवायच्याच असतील तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवा म्हणून सांगितलं. गाणी म्हणाल तर सगळ्यांकडे तीच. शेजारीशेजारी चार दुकानं, चारही दुकानांत माल तोच. मग गिऱ्हाईक दुकानदाराच्या तोंडाकडे बघूनच पायरी चढणार. म्हणून खाजगी रेडिओने दुकानदारच विकायला काढला. त्याची आजी, त्याचं ब्रेकअप, त्याची मुंज, त्याचा घसा बसणं. आणि हा माल रोज सकाळी ताजा लागतो.

आकाशवाणीला ही ददात नव्हती. तिथे निवेदकाला स्वतःचं असं काही असू शकतं हेच मुळी कुणाच्या मनात येत नसे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. त्यांना आदल्या रात्री झोप लागली का, घरात पाहुणे आहेत का, पावसाळा त्यांना आवडतो का, यातलं एक अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांनी धरणातून पाणी सोडलं म्हटलं की नदीकाठची माणसं घरातल्या चीजवस्तू वर हलवायला घ्यायची. आणि जिव्हाळ्याचे मेरुमणी जे अमीन सयानी, त्यांची 'बिनाका गीतमाला' 1952 साली रेडिओ सिलोनवरून सुरू झाली, ती मुंबईत टेपवर भरायची आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. तिकडून ती लहरींवर बसून परत हिंदुस्थानभर. म्हणजे त्या 'बहनों और भाइयों'मधला ओलावा समुद्रापलीकडे जाऊन आलेला असे, तरी सुकत नसे. मी हे एकदा मनापासूनला ऐकवलं. तो म्हणाला, "हो, पण त्यांना आठवड्याला एकदाच जेन्युइन व्हायला लागायचं. मला रोज चार तास."

या वादात तो जिंकला असं मला कबूल करायला लागलं.

त्याचा खरेपणा कसा बनतो ते जवळून बघण्यासारखं आहे. समोरून येणारा आवाज तेवढा पकडणाऱ्या माईकची एक गंमत असते: तोंड जितकं जवळ न्याल तितका आवाजातला खर्ज वाढतो. मनापासूनने यावर कोष्टकच बसवलंय. विनोद करायचा तर एक वीत. सल्ला द्यायचा तर चार बोटं. आई, आजी, पहिला पाऊस आणि शहीद जवान दोन बोटांवर. दोन बोटांवर आला की तो डोळे मिटतो, डाव्या हाताने हेडफोनचा एक कान दाबतो आणि उजव्या हाताने फेडर हळूहळू वर सरकवतो. काचेच्या अलीकडून मला नुसते ओठ दिसतात. माईकला चुंबन देतोय की काय अशी शंका येते. ते झालं, गाणं सुटलं, दारावरचा लाल दिवा विझला, की तोच माणूस टॉकबॅकवर ओरडतो, "एसी कुणी अठरावर केलाय रे? माणसं मारायची आहेत का?"

यात आणखी एक मेख म्हणजे सेकंद. गाण्याच्या सुरुवातीला नुसतं संगीत वाजतं, त्यावर बोलायचं आणि गायकाने तोंड उघडायच्या आत आपलं मिटायचं, ही आमच्या धंद्यातली कसबाची गोष्ट. किती वेळ आहे ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर उलटं मोजत असतं. समजा चौदा सेकंद आहेत. मग मी लिहिलेल्या आठवणीतली आजी चौदा सेकंदांत उठून, सडा घालून, नातवाच्या हातावर लाडू ठेवून, वारली पाहिजे. एकदा गाणं ऐन वेळी बदललं आणि नऊच सेकंद निघाले. मनापासूनने सडा गाळला, लाडू गाळला आणि आजीला थेट नेलं. तरी त्या दिवशी 'डोळे पाणावले' असे मेसेज आले.

या आज्या मीच पुरवलेल्या आहेत. आंब्याच्या दिवसांत त्याची आजी राजापूरची असते. तिच्या माजघरात अढी असते. द्राक्षांच्या दिवसांत ती नाशिककडे सरकते. कंदी पेढ्यांची जाहिरात आली तेव्हा ती साताऱ्याची होती, आणि हिवाळ्यात हुरड्याची पार्टी प्रायोजित झाली तेव्हा सोलापूरची. श्रोत्यांपैकी कुणी हिशेब मांडला नाही. पुण्यात असं होणं म्हणजे नवलच, पण आजी या विषयावर पुणेकरही चौकशी करत नाही.

पक्ष्यांवर करतो. 2020च्या टाळेबंदीत बरेच आरजे घरून शो करत होते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांत, गाद्यांत घुमत नाही. म्हणून मनापासून बायकोच्या कपाटात बसायचा. दार अर्धं लावून, डोक्यावर दुलई घेऊन, अंगाभोवती पंजाबी ड्रेस लोंबत असताना हा दोन बोटांवरून सांगायचा, "मित्रांनो, मी आत्ता बाल्कनीत बसलोय. शहर शांत आहे. ऐका, पक्षी ऐका." पक्षी इंजिनिअर त्याच्या घरून सोडायचा, साउंड इफेक्टच्या संग्रहातून. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त सद्‌गृहस्थांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, फक्त पुणेरी खेद होता. "आपल्या बाल्कनीत जो गातोय तो युरोपातला नाइटिंगेल आहे. तो महाराष्ट्रात येत नाही. आपल्याकडे खरोखर आला असेल तर मला पत्ता कळवा, मी पोलिसांचा पास काढून येतो." तेव्हापासून आम्ही कावळा वापरतो.

जाहिरातींचा एक प्रकार आहे, 'आरजे मेन्शन'. म्हणजे जाहिरात जाहिरातीसारखी वाजवायची नाही, आरजेने आपल्या आयुष्यातली गोष्ट म्हणून ती बोलता बोलता सांगायची. दर याचा जास्त. सेल्सची मुलं येऊन बजावतात, "क्लायंटला स्क्रिप्टेड नकोय, मनातून आलेलं हवंय. हे घ्या, मनातून काय यायचं ते त्यांनी लिहून पाठवलंय." अशा रीतीने मनापासूनने वाकडला दोन आणि मांजरीला एक असे फ्लॅट घेतले. राहतो तो धायरीत, भाड्याने. त्याने तीन कंपन्यांचा गरम मसाला 'आमच्या घरी हाच' म्हणून सांगितला आहे. केस गळतीचं तेल लावून त्याचे केस परत आले. ते मुळात कुठे गेलेच नव्हते. याचा एक तोटा झाला. परवा त्याने खरोखरच एक सेकंडहँड गाडी घेतली आणि आनंदाने ऑफिसात सांगत सुटला. सगळे म्हणाले, "छान घेतलंस. किती सेकंदांचं आहे?"

श्रोत्यांचे फोन 'लाइव्ह' असतात, म्हणजे आधीच्या गाण्यात रेकॉर्ड करून, 'हॅलो हॅलो, आवाज येतोय का' एवढं कापून. बातमी गोड असली तर तो म्हणतो, "ताई, आता हेच परत सांगा, मला काही माहीत नाही असं धरून." ताई सांगतात. हा चाट पडतो. पहिल्या खेपेला पडला होता त्याहून जास्त.

आठवड्यातून एकदा एअरचेक असतो. प्रोग्रॅम डायरेक्टर, ज्यांना आम्ही बॉस म्हणतो, ते गाणी गाळून नुसती याची बोलणी ऐकतात आणि मधे मधे थांबवतात. "इथे तू जरा जास्त जेन्युइन झालास. दहा टक्के कमी कर, मग नॅचरल वाटेल." "हे हसू मागच्या मंगळवारचंच आहे का?" "आजोबा ठीक, पण रिलेटेबल नाहीत. त्यांना ओला बोलावता येत नाही असं काहीतरी कर." मनापासून वहीत लिहून घेतो. त्याची वही मी पाहिली आहे. एका पानावर वर 'सच्चेपणा' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली आहे आणि त्याखाली 'दम लागल्यासारखं. वाक्य अर्धं सोडणे. आठवत नाही असं करणे.'

आता जे सांगतो ते गेल्या पावसाळ्यातलं. मनापासून लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्यातल्या एका गावचा. पुण्यात आल्यावर त्याने आपली बोली अशी काही घासूनपुसून काढली की 'न' आणि 'ण' यांच्यात तो सदाशिव पेठेलाही चूक काढू देत नाही. पण त्या सकाळी शो चालू असताना गावाकडून भावाचा फोन आला. याने तो गाण्यात घेतला. तिकडे कित्येक दिवसांनी पाऊस लागला होता. गाणं संपलं, फोन ठेवता ठेवता माईक उघडला गेला आणि हा बोलून बसला, "आमच्याकडं पाऊस पडायलाय बगा. आत्ता भाऊ सांगायलता. सोयाबीन वाचतंय म्हन्ला." वीत नाही, बोटं नाही, खुर्चीत मागे रेलून, माईकपासून हातभर लांबून. लक्षात आल्यावर दचकून पुढे सरकला आणि परत 'मित्रांनो' झाला.

त्यावर जितके मेसेज आले तितके चौदा सेकंदांच्या आजीलाही आले नव्हते. 'गावाकडची भाषा काढून नाटकं कशाला करता?' 'ओव्हरअ‍ॅक्टिंग.' 'शेतकऱ्यांची थट्टा करू नका.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'तुम्ही नेहमी किती खरे वाटता, आज पहिल्यांदा खोटे वाटलात.'

मला विल्फ्रेड पिकल्सची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, बीबीसीच्या वृत्तनिवेदकांनी बातम्यांआधी स्वतःचं नाव सांगायला सुरुवात केली. शत्रूने बनावट आवाजात बातम्या दिल्या तर लोकांना खरा माणूस ओळखता यावा म्हणून. पुढच्या वर्षी पिकल्स यांना बसवलं. ते यॉर्कशायरचे, घरच्या वळणाने बोलणारे. त्या बोलीची जर्मनांना नक्कल करता येणार नाही हाही त्यामागचा एक हिशेब होता. झालं उलटंच. तक्रारी आल्या: या माणसाच्या तोंडची बातमी खरी वाटत नाही! लंडनच्या इस्त्रीच्या इंग्रजीत युद्ध चाललंय हे पटत होतं, शेजाऱ्याच्या बोलीत पटत नव्हतं. रेडिओवर खरं कसं वाजतं याची एक चाल लोकांच्या कानात बसलेली असते. आमच्या मनापासूनने जन्मभर ती चाल गिरवली, आणि एक दिवस चुकून स्वतःच्या सुरात गायला.

मी हे एअरचेकला मांडलं. बॉसनी विचार केला. म्हणाले, "पॉइंट आहे. ग्रामीण टच पब्लिकला हवा असतो. आपण गुरुवारी एक सेगमेंट करू. पण ही भाषा नको, ही कळत नाही कुठली ते. कोल्हापुरी कर. ती ओरिजिनल वाटते." तेव्हापासून लातूरचा हा गडी दर गुरुवारी 'काय रं भावा' करत कोल्हापुरी बोलतो. कोल्हापूरचे लोक सोडून सगळ्यांना ते आवडतं. आणि एफएमच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. डोंगर आडवा आला की हात टेकतात. आमचं स्टेशन कोल्हापूरला ऐकू येत नाही, तेव्हा तीही अडचण नाही.

लातूर तर तीनशे किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे त्याच्या आईने त्याला रेडिओवर कधी ऐकलेलंच नव्हतं. मुलगा 'रेडूत' आहे एवढं तिला ठाऊक. त्याने आकाशवाणीत चिकटावं, पेन्शन असतं, असं तिचं मत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पुण्याला आली. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला, म्हणून सुनेने सकाळी मोबाइलवर एफएम लावून तो स्वयंपाकघरात ठेवला. काळा चष्मा लावून म्हातारी ऐकत बसली. हे पुढचं मला त्याच्या बायकोने सांगितलं.

"कोन बोलायलंय ग हे?"

"ओळखा बरं, आई."

"वळकीचं नाही बाई. पर लई लाडात बोलायलंय. लेकरू आजारी हाय का?"

"अहो, तुमचा मुलगा आहे!"

म्हातारीने मोबाइल उचलून कानाला लावला. त्या वेळी नेमका आंब्यांचा माल विकला जात होता आणि तो दोन बोटांवरून राजापूरच्या माजघरात शिरला होता. "माझी आजी अढी लावायची, आणि खिडकीतून समुद्र दिसायचा..." म्हातारीने ते सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी तो घरी आल्यावर तिने विचारलं, "तुजी आज्जी कवा गेलती रं समुद्रावर? तिनं तेरणेच्या पल्याड पाय ठिवला न्हाई जन्मात. आन् माजघर कुटलं? दोन खनाचं घर आपलं." राजापुरातूनही समुद्र दिसत नाही, ही चूक माझी, पण ती कुणी काढली नाही.

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं आणि मी जे करायचं तेच केलं, बॉसना जाऊन सांगितलं. बॉस उठून उभे राहिले. "आई! आपल्याकडे आई नव्हती!" आठवड्याभरात 'आईचा फोन' सुरू झाला. रोज साडेआठला आई फोन करणार, लेकाची चंपी करणार, शेवटी 'जेवलास का' विचारणार. पापडवाले प्रायोजक. खऱ्या आईला रेकॉर्डिंगला बसायची विनंती केली. ती म्हणाली, "येकाच घरात राहून फोन कामून करू? आन् साडेआट वाजता जेवलास का कसं इचारू?" शेवटी आमच्या एचआरमधल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला आई केलं. आवाज जरा जाड काढला, मागे कुकरची शिट्टी सोडली. मेसेजचा पाऊस. 'आई अगदी खरी वाटते.' 'माझी आई अशीच बोलायची.' बायका त्या मुलीला लोणच्याच्या बरण्या पाठवू लागल्या. बरण्या एचआरमध्ये आहेत.

म्हातारीला दुसऱ्या डोळ्यासाठी परत यावं लागलं. परत काळा चष्मा, परत मोबाइल. तिने तो कार्यक्रम रोज ऐकला. गावी निघताना सुनेला म्हणाली, "ती बाई चांगली दिसायली गं. येळच्या येळी फोन करायली. आन् पोरगं बी बग, किती बोलायलंय तिच्यासंगं."

हे मात्र त्याने मला हसत सांगितलं नाही. शो संपला होता, लाल दिवा विझलेला होता, तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला होता. मला वाटलं, आज याला घरी पाठवावं. म्हटलं, "हे मी लिहीत नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लिही. पण हे वाक्य एचआरवालीला दे, ती बरोबर म्हणेल. आणि 'बोलायलंय' काढून 'बोलतोय' कर."